खालच्या फळीवरच्या दोन

बॅटरीच्या खोलीत चार बॅटऱ्या होत्या, दोन वरच्या फळीवर आणि दोन खालच्या. प्रत्येकीत तीन सेल, म्हणजे कप्पे, आणि प्रत्येक सेलला पाणी घालायचं एक बूच, म्हणजे बुचं एकूण बारा. त्यांतली अकरा लाल आणि एक काळं, खालच्या फळीवर उजवीकडे, दुसऱ्याच कुठल्यातरी बॅटरीचं. जाड केबलचे तुकडे पाच. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन दोन, एक सीलबंद आणि एकाच्या तळाशी चार बोटं पाणी. काचेचा हायड्रोमीटर एक, त्याच्या रबरी फुग्यावर धूळ. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे पाच ढीग, दोन छताला टेकलेले. एक स्टूल, ज्याचा एक पाय नावापुरता होता. खिडकी नव्हती. भिंतीत वर एक बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन होता.

हे सगळं मी मोजलं, कारण मला त्यासाठीच बोलावलं होतं. आत्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं की दोनचार दिवस राहायला ये, आणि येताना तुझा तो मीटर आण. मी आले तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं.

“नुसतं बघ,” ती म्हणाली. “कोणाला काही विचारू नकोस. तुला मोजता येतं ना, मग मोज आणि फक्त मला सांग.”

आत्याचा अंडी उबवण्याचा धंदा आहे. घरामागच्या लांबट शेडमध्ये तीन उबवणी यंत्रं आहेत, कपाटाएवढी, काचेच्या दारांची. आत अंडी ठरावीक उबेत ठेवायची, ठरावीक वेळाने कलती करायची, आणि पिल्लं निघाली की खोक्यांत भरून द्यायची. वीज गेली की यंत्रं त्या चार बॅटऱ्यांवर चालतात. त्याआधीचा संच सहा वर्षं टिकला होता. हा दीड वर्षाचाही नव्हता, आणि गेल्या महिन्यात वीज गेली तेव्हा तासाभरात इन्व्हर्टर ओरडायला लागला. आत्याने घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणं यंत्रांवर टाकली. तरी त्या खेपेतली निम्म्याहून जास्त अंडी आतल्या आत मेली. टॉर्च लावून एकेक अंडं बघताना तिला कसं वाटलं असेल, हे तिने सांगितलं नाही. ढीग कुठे पुरला, तेवढं दाखवलं.

संशय वायरमनवर होता. हा माणूस आत्याच्या यजमानांच्या वेळेपासूनचा. शेडची वायरिंग त्याची, इन्व्हर्टर त्याने बसवलेला, बॅटऱ्यांची देखभाल त्याच्याकडे. त्याबदल्यात शेडला चिकटून असलेली एक खोली त्याला राहायला दिलेली, तिथे तो आणि त्याची बायको बारा वर्षं राहत होते. यजमान गेल्यावर हिशेब आणि बाहेरची कामं आत्याचे दीर बघू लागले. मी त्यांना काका म्हणते. काका सेवानिवृत्त आहेत आणि तेव्हापासून त्यांना घरातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी चोरतंय असं वाटतं. पूर्वी ते कचेरीतल्या टाचण्यांबद्दल असंच म्हणायचे, असं आत्या सांगते.

काकांनी वायरमनला हातगाडीवरून बॅटरी नेताना पाहिलं होतं, ताडपत्रीखाली. “झाकून का न्यायची?” ते मला म्हणाले. “माणूस उघडउघड नेतो ती स्वतःची. झाकून नेतो ती दुसऱ्याची.” त्यांचं म्हणणं सरळ होतं: दोन चांगल्या बॅटऱ्या त्याने विकल्या आणि तिथे त्याच कंपनीच्या दोन जुन्या आणून ठेवल्या. ते काळं बूच त्याचाच पुरावा. जुन्या बॅटरीबरोबर आलं, बदलायचं राहून गेलं.

आत्याला पुरतं पटलं नव्हतं आणि पुरतं खोडताही येत नव्हतं. महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगायची, एवढं दोघांचं ठरलं होतं. तिला फक्त खात्री हवी होती.

मी मोजायला लागले तेव्हा वायरमन आला. आला, पण उंबऱ्यावर थांबला. आत या ना, म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही बघा, मी इथं बरा आहे. हाताची घडी घालून तो असा उभा राहिला, की त्याच्या चपलेचं टोकही आत येत नव्हतं. वाकून बघायचा, मान लांब करायचा, पण पाय जागचा हलत नव्हता. ज्या खोलीत याने वर्षानुवर्षं काम केलं तिच्यात पाऊल टाकायला हा का घाबरतोय, असं माझ्या मनात आलं, आणि एकदा आलं ते जाईना.

हायड्रोमीटर म्हणजे फुगा लावलेली काचेची नळी. बूच काढायचं, नळी आत घालायची, फुगा दाबून सोडायचा. आतलं ॲसिड वर चढतं आणि त्यात एक छोटा काचेचा तरंगता दांडा असतो, तो जेवढा वर येईल तेवढी ताकद. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर बाराशे पासष्टच्या आसपास. साडेअकराशेच्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी.

वरच्या फळीवरच्या दोन्ही बॅटऱ्यांत नळीत काही चढलंच नाही. टॉर्च मारला तर आतल्या शिशाच्या पट्ट्या कोरड्या दिसत होत्या, पाणी त्यांच्या खाली गेलेलं. खालच्या फळीवरच्या दोन्ही मात्र काठोकाठ भरलेल्या, आणि दांडा अकराशे चाळीसवर लोळत होता.

“पाणी कधी घातलं होतं?” मी उंबऱ्याकडे न बघता विचारलं.

“झाले काही महिने.”

“तुम्हीच घालता ना?”

“घालत होतो,” तो म्हणाला आणि निघून गेला.

काकांना आकडे आत्याने सांगितले असणार, कारण जेवताना ते खुशीत होते. दोन मेलेल्या, दोन तहानलेल्या. हा माणूस कामही करत नाही आणि मालही नेतो. मीही तेव्हा साधारण तेच मानत होते. पण मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे मला शिकवलंय की जे आधीच पटलंय ते सगळ्यांत आधी तपासायचं. दुसऱ्या दिवशी मी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून चारही बॅटऱ्यांची टोकं जुन्या टूथब्रशने घासली. पांढरा बुरा निघाला आणि शिशावर ठोकलेला कंपनीचा आकडा दिसला. चौघींवर एकच, नवा संच आला त्याच महिन्याचा.

आकडा खोटा असू शकतो, काका म्हणाले. शक्य होतं. मग मी खालच्या फळीपाशी जमिनीवर आडवी पडून बॅटरीच्या तळाशी बघितलं. फळीला निळा ऑइलपेंट दिलेला होता आणि रंग ओला असतानाच कोणीतरी घाईने बॅटऱ्या वर ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या चिकटल्या होत्या. मी उजवीकडच्या बॅटरीचा कोपरा जोर लावून उचलला. कट् असा आवाज झाला आणि निळा पापुद्रा तिच्याबरोबर वर आला. डावीकडचीही तशीच निघाली. म्हणजे रंग दिल्यापासून त्या कोणी हलवलेल्याच नव्हत्या. रंग कधी दिला, हे मी आत्याला विचारलं. नवा संच आला त्याच दिवशी. काकांनीच दिला होता.

“मग आतून काहीतरी काढलं असेल,” काका म्हणाले.

“बॅटरीच्या आतून काय काढणार?”

“ते तू शोध. शिकलेली तू आहेस.”

आत्या हसली, आणि हसल्याबद्दल लगेच गंभीर झाली.

मला मात्र आता चोरीपेक्षा ती तहान छळायला लागली होती. बॅटरी पाणी पिते ती जास्त चार्ज झाली तर. आत बुडबुडे येतात आणि पाण्याचा वायू होऊन उडून जातो. जी कधी पुरती चार्ज होतच नाही, तिचं पाणी तसंच राहतं. म्हणजे वरच्या दोघी पोट फुटेस्तोवर चार्ज होत होत्या आणि खालच्या दोघी उपाशी. पण त्या चौघी एकामागे एक जोडलेल्या. जो विजेचा प्रवाह पहिलीतून जातो तोच दुसरीतून, तिसरीतून, चौथीतून. चार्जर चौघींचा एकत्र व्होल्टेज बघतो. एकूण चोवीस व्होल्टची ओळ. एका ताटात वाढायचं तर भेदभाव कसा होईल?

एकाच तऱ्हेने होईल. खालच्या दोघींतून कोणीतरी वेगळं काढून घेत असेल तर. चार्जर एकूण बेरीज बघून थांबतो, त्याला कमी कोण आणि जास्त कोण ते कळत नाही. खालच्या रिकाम्या, म्हणून बेरीज भरायला वरच्यांवर भार.

आणि खोलीची डावीकडची भिंत वायरमनच्या खोलीची होती.

मी आत्याला हे सांगितलं तेव्हा ती चिमटीत अंडं धरून टॉर्चवर बघत होती. तिने ते हळूच ट्रेमध्ये ठेवलं. “म्हणजे पंखा चालवतोय,” ती म्हणाली. “किंवा दिवा. मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?”  मग म्हणाली की महिनाअखेरपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, संध्याकाळीच सांगते. मी तिच्याकडे दुपार मागून घेतली. तार सापडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं ठरलं.

शेडच्या मागून जाताना त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. त्याची बायको शिलाई मशीनवर बसली होती आणि तिच्याभोवती खोकी रचलेली होती, दोरीने बांधलेली. कोणी काही सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांचं सामान बांधून झालं होतं. चोर असेल तर पळायची तयारी, असं मला वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मशीनचं चाक फिरवत राहिली.

वीज चालू होती तेव्हा मी यंत्रं थेट लाइनवर टाकली, इन्व्हर्टर बंद केला आणि बॅटऱ्यांचा मुख्य फ्यूज काढून खिशात घातला. आता या चौघींकडून कोणी काही घेऊ शकत नव्हतं, द्यायलाही कोणी नव्हतं. वरच्या दोघींचा मिळून व्होल्टेज मोजला, खालच्या दोघींचा मोजला. स्टुलावर बसले, तोल सांभाळत. थोड्या वेळाने पुन्हा मोजला. वरचा तसाच. खालचा किंचित खाली. आणखी थोड्या वेळाने आणखी खाली. सगळं बंद असताना खालच्या दोघींतून कोणीतरी पीत होतं.

मी दोन्ही फळ्यांना जोडणारी जाड केबल बोटांनी चाचपत गेले. तिच्या नटाखाली, मागच्या बाजूला, दोऱ्याएवढी बारीक तार दाबलेली होती. दुसरी तशीच खालच्या फळीच्या शेवटच्या टोकाला. दोन्ही एकत्र होऊन भिंतीवरून वर गेल्या होत्या, भिंतीच्याच रंगाने रंगवलेल्या. पुठ्ठ्याच्या ट्रेंचा ढीग मी बाजूला ओढला. तार डावीकडे वळेल म्हणून मी तिकडेच बघत होते.

ती उजवीकडे वळली. कोपऱ्यातून वर गेली आणि बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनच्या जाळीत शिरली.

मी स्टुलावर चढले, एक हात भिंतीला लावून. जाळीच्या आत, पात्यांच्या मागे, एक काळी चकती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

“स्टुलावरून उतर,” काका म्हणाले. “पडशील.”

मी विचारलं, तुम्ही कुठे आहात?

“घरी. चहा घेतोय.”

“मग मी स्टुलावर आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

पलीकडे कपबशी टेकल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

पिल्लांची खोकी भरायच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो ते तासाभराने. कॅमेरा आणि जाळीत त्याच्या मागेच सापडलेला रेकॉर्डर मी मधोमध ठेवला होता, तारेसकट. काकांनी सगळं सांगितलं आणि लपवलं काहीच नाही. उलट सुरुवातीला ते जरा अभिमानानेच बोलत होते. हातगाडी दिसली त्याच आठवड्यात त्यांनी कॅमेरा आणला होता, ज्यातलं फोनवर बघता येतं असा. वहिनींना सांगितलं नाही, कारण वहिनींच्या पोटात काही राहत नाही. सॉकेटवर लावला असता तर वायर दिसली असती, आणि वीज गेल्यावर, चोरी होते नेमक्या त्याच वेळी, बंद पडला असता. कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात. चारही बॅटऱ्यांवर लावला तर चोवीस होतात आणि तो जळतो. म्हणून त्यांनी दोघींवर लावला. सहा आणि सहा बारा.

गणित बरोबर होतं. तो कॅमेरा आणि रेकॉर्डर मिळून फार खात नव्हते, घरातल्या छोट्या दिव्याइतकंच. पण दिवसरात्र, महिनोन् महिने, आणि फक्त त्या दोघींकडून. मी हे समजावून सांगितलं तेव्हा काकांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मग त्यांनी चष्मा काढला.

आत्याने एकच गोष्ट विचारली. “अंडी गेली, त्याच्या आधी लावलात की नंतर?”

“आधी,” काका म्हणाले.

वायरमन इतका वेळ कॅमेऱ्याकडे बघत होता, आश्चर्य वाटल्यासारखं नाही, ओळखीचं कोणी भेटल्यासारखं. मी त्याला विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तो म्हणाला की जाळीत काच चमकलेली त्याला केव्हाच दिसली होती. तार कुठे जोडली आहे ते त्याने बघितलं नाही, आत गेलाच नाही तर बघणार कसं. उंबऱ्यापर्यंतचं सगळं त्यात दिसत असणार, एवढा त्याने अंदाज केला होता. त्या दिवसापासून त्याने खोलीत पाय ठेवला नाही.

“आणि पाणी?” आत्या म्हणाली. “वरच्या दोघी कोरड्या पडल्यात. ते तुमचं काम होतं.”

“होतं.”

“मग मला येऊन सांगायचं ना.”

“काय सांगू, ताई? तुम्ही मला बघताय हे मला दिसलं, असं?” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्हीच लावलाय.”

“तुम्ही मला विचारायला हवं होतं.”

“तुम्हीही मला विचारायला हवं होतं.”

 शेडमधून पिल्लांचा आवाज येत होता. काकांनी हातगाडीचा विषय काढला, पण आता त्यात जीव नव्हता. वायरमन म्हणाला की ती बॅटरी एका दुकानदाराची होती, तिच्यातून ॲसिड उडत होतं म्हणून झाकली. काळं बूच त्याने स्वतःच लावलं होतं, लाल हातातून पडून फुटलं म्हणून; सांगायचं राहिलं. यातलं किती खरं, हे तपासायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. बूच तेवढं पटण्यासारखं होतं, लाल तुकडा मला फळीखाली सापडला.

वायरमन उठला. काम सोडतो असं म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला की काम करेन, पण त्या खोलीत यापुढे एकटा जाणार नाही. घरातलं कोणीतरी बरोबर हवं, दर वेळी, पाणी घालायचं असलं तरी. उद्या काही झालं तर दोघांनी बघितलेलं असेल. ही अट मला त्याच्या रागापेक्षा जास्त टोचली, आणि तरी ती चुकीची नव्हती. प्रयोगशाळेत आम्हीही महत्त्वाचं मोजमाप दोघांनी मिळून करतो.

मी येते, मी म्हटलं.

“तू चार दिवसांची पाहुणी,” आत्या म्हणाली आणि दुसरीकडे वळली. “भावोजी, तुम्ही.”

काकांनी गुडघेदुखीचा उल्लेख केला. आत्याने तो ऐकला नाही.

वरच्या दोघींत आधी पट्ट्या बुडतील एवढंच पाणी घातलं. काठापर्यंत भरलं असतं तर चार्ज होताना ॲसिड उतू गेलं असतं. खालच्या दोघी ओळीतून सोडवून वेगळ्या छोट्या चार्जरवर लावल्या, अगदी हळू, कारण इतके महिने उपाशी राहिलेल्यांच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि तो घाईने सुटत नाही. पहिल्या दिवशी दांडा जागचा हलला नाही. काकांनी विचारलं, नव्या घ्यायच्या का? वायरमन म्हणाला, थांबा. मीही तेच म्हणणार होते, पण खात्रीने नाही. मग दांडा एकेक रेघ चढायला लागला. चौघी पुन्हा एकत्र जोडल्या, चार्जिंग जरा जास्त वेळ चालू ठेवलं आणि ते झाल्यावर सगळीकडे पाणी बरोबर पातळीला आणलं. कॅमेरा आत्याने फाटकावर लावायला सांगितला, त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवर, सॉकेटमध्ये.

मी निघाले त्या सकाळी ते दोघं बॅटरीच्या खोलीत होते. जाताना मला वायरमनच्या खोलीचं दार उघडं दिसलं. बरीचशी खोकी उघडली होती. दोन अजून बांधलेलीच होती. त्याच्या बायकोने या वेळी माझ्याकडे बघून मान हलवली.

वायरमन फुगा दाबत होता. काका चष्मा कपाळावर चढवून नळी डोळ्यांसमोर धरत होते आणि आकडा मोठ्याने वाचत होते, आणि प्रत्येक आकड्यानंतर वायरमन स्वतः वाकून तो पुन्हा वाचत होता. दोनदा त्यांचं जमलं नाही. पाच रेघांचा फरक होता. पुन्हा घेतलं. मी उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होते.

“आता हे काळं,” काका म्हणाले.

“लाल आणतो मी,” वायरमन म्हणाला.

“आधी वाचू.”

वरच्या फळीवरचे सहा सेल: बाराशे पंचावन्न ते बाराशे साठ. खालच्या फळीवरचे पाच: बाराशे तीस ते बाराशे पस्तीस. काळ्या बुचाखालचा एकटाच मागे राहिलेला: अकराशे पंच्याऐंशी.